वन्यप्राण्यांमुळे होणारं नुकसान रोखण्याच्या व्यवसायात उतरताना

शिक्षण संपवून बाहेर पडलेली मुलंमुली मला अधूनमधून भेटायला येतात. माणूस आणि वन्यप्राणी यांच्यातल्या संघर्षावर काम करायचं, हे त्यांचं ठरलेलं असतं. कुणाला बिबट्याला बेशुद्धीचा डार्ट मारायला शिकायचं असतं, कुणाला ड्रोन उडवता येत असतो. मी मूळची पशुवैद्यक. माझा पहिला प्रश्न असतो, मेलेल्या शेळीचं कातडं सोलता येतं का?

प्राणी पकडणारे पुष्कळ आहेत. पण नुकसान कुणी केलं, किती केलं, आणि आपण केलेल्या उपायानं ते खरंच कमी झालं का, या तीन प्रश्नांची पुराव्यानिशी उत्तरं देणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पुढची वीस वर्षं या व्यवसायात मागणी त्यांनाच राहील, असं माझं ठाम मत आहे. तसं माणूस व्हायचं तर काय काय शिकावं लागेल, ते इथे सांगते.

हा व्यवसाय कुठून कुठे आला

अमेरिकेचं उदाहरण घेऊ, कारण तिथे हे काम सरकारी खातं म्हणून फार पूर्वी उभं राहिलं. १९३१ साली तिथे प्राण्यांमुळे होणाऱ्या नुकसानीच्या नियंत्रणाचा कायदा झाला. काम म्हणजे मुख्यतः मारणं. लांडगे, कायोटी (लांडग्याच्या कुळातला छोटा प्राणी), शेतातले उंदीरवर्गीय प्राणी, जे नुकसान करतं ते मारायचं. १९६४ मध्ये वन्यजीवशास्त्रज्ञ स्टार्कर लिओपोल्ड यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं सरकारला स्पष्ट सांगितलं की ही कत्तल गरजेपेक्षा कितीतरी जास्त चालली आहे आणि खऱ्या नुकसानीशी तिचा मेळ बसत नाही. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढून केंद्र सरकारच्या जमिनींवर शिकारी प्राण्यांना विष घालणं बंद केलं. १९९७ मध्ये खात्याच्या नावातून 'नियंत्रण' हा शब्दच गेला आणि ते 'वाइल्डलाइफ सर्व्हिसेस' झालं. नाव बदललं म्हणून मारणं थांबलं असं मुळीच नाही. पण त्याच खात्याची फोर्ट कॉलिन्सला मोठी संशोधन संस्था आहे, आणि प्राणी न मारता नुकसान कसं टाळावं यावर तिथे बरंच काम चालतं.

आपल्याकडचा धडा जुन्नरचा. २००१ पासून तिथले बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडायला सुरुवात झाली. हेतू चांगला होता, माणसंही वाचावीत आणि बिबटेही. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर आकडे तपासले तेव्हा दिसलं की आधी वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, ते या मोहिमेच्या काळात सरासरी १७ वर गेले. जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाणही दुप्पट झालं. हे कुणी मोजलं नसतं, तर पिंजरे वाढत गेले असते आणि आपण चांगलं काम करतोय अशीच सगळ्यांची समजूत राहिली असती. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकानं तो अभ्यास मुळातून वाचावा.

आधी नुकसान वाचायला शिका

आता शेळीकडे येऊ. मालक सांगतो, वाघानं नेली. शेजारी म्हणतो, कुत्र्यांनी फाडली. तुम्ही काही बोलू नका. आधी फोटो काढा. जनावर पडलंय ती जागा, फरफटत नेल्याच्या खुणा, आजूबाजूची ओली माती, सगळं. माणसांची गर्दी झाली की ठसे पुसले जातात, म्हणून पोचल्या पोचल्या लोकांना लांब उभं करायचं.

मग कातडं सोला, विशेषतः गळ्याचं आणि मानेचं. वरून दोन बारीक भोकं दिसतात, त्याखाली मात्र मांस काळंनिळं, रक्त साकळलेलं सापडतं. रक्त साकळलं असेल तर चावा घेतला तेव्हा जनावर जिवंत होतं. साकळलेलं नसेल तर ते आधीच मेलेलं होतं आणि नंतर कुणीतरी खाल्लं. हा एवढाच फरक भरपाईचा निर्णय बदलतो आणि एखाद्या बिबट्याचा जीवही वाचवतो. बिबट्या बहुतेक वेळा गळा धरून श्वास कोंडतो, लहान जनावराची मानगूट धरतो. कुत्रे मागच्या पायांवर, मांड्यांवर, कानांवर जागोजागी चावे घेतात, एकाच रात्रीत कळपातली अनेक जनावरं जखमी करतात आणि खातात थोडंच. सुळ्यांच्या खुणांमधलं अंतर मोजून लिहून ठेवा.

कोकरू किंवा करडू असेल तर आणखी एक तपासणी. फुप्फुसाचा तुकडा पाण्यात टाका. बुडाला तर त्या पिलानं श्वासच घेतलेला नव्हता, ते मेलेलंच जन्मलं. खुरांवरचा मऊ पापुद्रा झिजलेला नसेल तर ते चाललेलंही नाही. अशा पिलासाठी कुठल्याही शिकारी प्राण्यावर आळ घेता येत नाही.

पिकांचंही तसंच. हरणं, नीलगाय, गाय, शेळी यांना वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे ती देठ तोडत नाहीत, ओढून फाडतात. टोक चिंध्या झाल्यासारखं दिसतं. ससा तिरका, चाकूनं कापल्यासारखा स्वच्छ काप घेतो. साळिंदर खोडाची साल रुंद दातांनी खरवडतं. रानडुक्कर जमीन उकरून पालथी घालतं, ते ओळखायला कुणाची मदत लागत नाही. खरी अडचण येते ती नीलगाय आणि मोकाट गुरं यांत. दोघांचा चावा सारखाच. तिथे खूर, शेण-लेंडी आणि किती उंचीपर्यंत खाल्लंय ते बघावं लागतं. मी पाहिलेल्या कितीतरी ठिकाणी जंगली प्राण्यांच्या नावावर लिहिलेलं नुकसान मोकाट गुरांचं निघालं. तिथे जंगलाच्या बाजूचं कुंपण घालून काहीच साधलं नसतं.

ओळख पटवण्याला किती महत्त्व आहे, हे विमानतळांवर काम करणाऱ्यांना विचारा. ४ ऑक्टोबर १९६० रोजी बोस्टनहून उडालेलं एक विमान साळुंकीच्या जातकुळीतल्या स्टार्लिंग पक्ष्यांच्या थव्यात शिरून कोसळलं. ६२ माणसं गेली. इंजिनात सापडलेल्या पिसांवरून पक्षी ओळखला अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या रॉक्सी लेबोर्न यांनी, आणि त्यातून पिसांवरून तपास करण्याची एक शाखाच उभी राहिली. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कहून उडालेल्या विमानाच्या इंजिनांत पक्षी शिरले आणि ते हडसन नदीवर उतरवावं लागलं, सगळी १५५ माणसं वाचली. ते पक्षी कॅनडा गूज जातीचे हंस होते हे कळलं. पण कुठले? शहरात बारमाही राहणारे, की उत्तरेकडून आलेले? पिसांमधल्या हायड्रोजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून, शास्त्रज्ञांनी दाखवलं की ते स्थलांतर करून आलेले होते. म्हणजे विमानतळाजवळच्या तळ्यांवरचे हंस कमी करणं एवढ्यानं हा धोका टळला नसता. प्रजाती ओळखूनही प्रश्न अर्धाच सुटतो, हे मला या एका घटनेनं पटलं.

मग मोजा

'सगळं पीक गेलं' हे वाक्य तुम्ही रोज ऐकाल. ते खोटं नसतं. रात्रभर जागून सकाळी आडवं पडलेलं पीक बघणाऱ्या माणसाला सगळंच गेल्यासारखं वाटतं, आणि त्याच्यासमोर मोजायची टेप घेऊन उभं राहणं मला कधी जमलेलं नाही. आधी बसा, ऐका, मग टेप काढा.

मोजायचं कसं? शेतात काठापासून आतपर्यंत सरळ रेषा धरा. ठरावीक अंतरावर एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन टाका. त्यातली एकूण रोपं मोजा, खाल्लेली मोजा, तुडवलेली वेगळी मोजा, किडीनं किंवा पावसानं गेलेली वेगळी. प्राणी बहुधा काठाला जास्त खातात. नुसता काठ मोजला तर आकडा फुगतो, नुसता मध्यभाग मोजला तर शेतकऱ्यावर अन्याय होतो. एकाच हंगामात तीनदा मोजा, कारण कोवळं असताना खाल्लेलं काही पीक पुन्हा फुटतं आणि दाणा भरल्यावर खाल्लेलं परत येत नाही.

चौकोनात न मावणारं नुकसान निराळं लिहा. राखणीसाठी किती जण रात्री शेतात झोपतात, कोणत्या मुलाची शाळा बुडते, भीतीनं कोणतं पीक घेणंच सोडून दिलं. भरपाईच्या फॉर्मवर याला जागा नसते. तुमच्या वहीत असलीच पाहिजे.

उपाय निवडताना तो कसा फसेल ते आधी विचारा

कोणताही उपाय विकणारा माणूस तो चालतो कसा हे सांगतो. तुम्ही तो बंद कसा पडतो हे शिका.

झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचे ठोके सोडणारं यंत्र, घ्या. चांगलं यंत्र साधारण सेकंदाला एक ठोका देतं. हजारो व्होल्टचा, पण इतका क्षणभराचा की प्राणी दचकून मागे फिरतो आणि वाचतो. तारेला गवत टेकलं की झटका जमिनीत जातो. माती वाळली की अर्थिंग नीट बसत नाही. कुंपण उभं करण्यापेक्षा ते रोज सांभाळणं हेच खरं काम असतं. व्होल्टमीटर कोण लावणार, गवत कोण काढणार, हे नावानिशी ठरल्याशिवाय तार ओढू नका. आणि घरातली वीज थेट तारेत सोडलेली कुठे दिसली तर बाकीचं काम थांबवून आधी ती बंद करायला लावा. अशा तारांनी माणसं मेली आहेत, मुलं मेली आहेत, हत्ती आणि वाघ मेले आहेत. इथे गावकऱ्यांची मर्जी राखायची नसते.

बुजगावणी, फटाके, आवाजाच्या तोफा, लुकलुकणारे दिवे यांना प्राणी सरावतात. नुकसान ज्या थोड्या आठवड्यांत होतं तेवढ्यापुरते वापरले, जागा बदलत ठेवली, तर त्यांचा उपयोग होतो. वर्षभर लावून ठेवले तर शोभेला उरतात.

केनियात लुसी किंग यांनी मधमाश्यांच्या पेट्यांचं कुंपण रुजवलं. पेट्या तारेनं एकमेकींना जोडलेल्या असतात, हत्तीचा धक्का लागला की सगळ्या हलतात, माश्या बाहेर येतात, हत्ती मागे वळतो. शेतकऱ्याला वर मध मिळतो. कल्पना सुंदर आहे आणि कामही देते. पण दुष्काळात फुलोरा नसला की पेट्या रिकाम्या पडतात, आणि रिकाम्या पेटीचं कुंपण कमकुवत होतं. नामिबियात 'चीता कन्झर्वेशन फंड' १९९४ पासून शेतकऱ्यांना राखणीचे मोठे कुत्रे देते. पिल्लू लहानपणापासून शेळ्यामेंढ्यांतच वाढवावं लागतं, त्याला खाऊपिऊ घालावं लागतं, शिस्त लावावी लागते. कुत्रा वाटून निघून जाणाऱ्या संस्थेला त्याचं फळ मिळत नाही.

उपायानं काम केलं, हे सिद्ध करा

या व्यवसायाचं भवितव्य मला इथेच दिसतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बोट्स्वानात, ओकावांगोच्या परिसरात, संशोधकांनी गुरांच्या मागच्या भागावर डोळे रंगवले. सिंह आणि बिबट्या दबा धरून मारतात, आपल्याला कुणी पाहिलं असं वाटलं की शिकार सोडून देतात, हा त्यामागचा तर्क. चार वर्षांत डोळे रंगवलेल्या ६८३ गुरांपैकी दबा धरणाऱ्या प्राण्यांनी एकही मारलं नाही. काहीच न रंगवलेल्या ८३५ पैकी १५ मारली गेली. एखादा इथेच थांबला असता आणि टाळ्या घेऊन गेला असता. त्यांनी आणखी ५४३ गुरांवर नुसती फुली रंगवली होती. त्यांतली ४ मारली गेली. त्यामुळे कळलं की रंगाच्या खुणेनंही थोडा फरक पडतो, पण डोळ्यांचा परिणाम त्याहून जास्त आहे. आणि अभ्यास करणाऱ्यांनी हेही सांगितलं की कळपात न रंगवलेली गुरं असताना हे घडलंय. सगळीच रंगवली तर काय होईल, हा प्रश्न उघडा आहे.

ती फुली रंगवायचं सुचणं, हे मी शिकवू बघते. तुम्हाला चार वर्षं आणि दोन हजार गुरं मिळणार नाहीत. पण दहा शेतं असतील तर पाच शेतांत उपाय करता येतो, पाच तशीच ठेवता येतात, आणि कोणती पाच हे चिठ्ठ्या टाकून ठरवता येतं. चिठ्ठ्या लोकांसमोरच टाका, म्हणजे वशिल्याचा संशय राहत नाही. उरलेल्या पाच जणांना पुढच्या हंगामात उपाय देण्याचा शब्द द्या आणि तो पाळा. सुरुवात करण्याआधी कागदावर लिहा, की नुकसान अमुकाएवढं कमी झालं तर उपाय चालला म्हणायचा, नाहीतर नाही. हा कागद आधी लिहिलेला नसला की हंगाम संपल्यावर प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं.

आणि ज्या शेतावर नुकसान घटलं, त्याच्या शेजारच्या शेतात ते वाढलं का, तेही मोजा. प्राणी उपाशी झोपत नाहीत.

मारण्याबद्दल

या विषयावर गुळमुळीत बोलणं मला पटत नाही. कधीकधी प्राणी मारावा लागतो. पिसाळलेला प्राणी, वारंवार माणसं मारणारा प्राणी, बेटावरच्या पक्ष्यांची अंडी फस्त करणारे बाहेरून आलेले उंदीर. ते करावं लागलं तर कायद्याच्या चौकटीत, कमीत कमी वेदना होतील अशा रीतीनं, प्रशिक्षित हातांनी व्हावं, आणि ते शिकायला लाजू नये. पण राग शांत करण्यासाठी केलेली हत्या नुकसान कमी करेलच असं नाही. कायोटींचा गट मोडला की एरवी न विणाऱ्या माद्याही विऊ लागतात. उपद्रवी डुकरांच्या टोळीतली दोनचार पकडली की उरलेली पिंजऱ्याला ओळखू लागतात, म्हणून जाणकार मोठा कोंडवाडा लावून अख्खी टोळी आत येईपर्यंत दार पाडत नाहीत. घाई करणाऱ्या पुढाऱ्याला हे समजावून सांगता येणं, हा तुमच्या कामाचाच भाग आहे.

माणसांचं काय

तमिळनाडूतल्या वालपराईच्या चहामळ्यांत नेचर कन्झर्वेशन फाउंडेशनच्या लोकांनी हत्तींमुळे झालेल्या मृत्यूंचा अभ्यास केला. बहुतेक वेळा हत्ती जवळ आहे हे माणसाला माहीतच नव्हतं. मग त्यांनी हत्ती कुठे आहेत ते संध्याकाळी मोबाइलवर कळवायला आणि ठरावीक जागी लाल दिवे लावायला सुरुवात केली. हत्तींना काहीच केलं नाही. माणसांना वेळेवर खबर मिळू लागली. कॅमेरे, ड्रोन, प्राणी ओळखणारी संगणक प्रणाली या सगळ्याकडे मी याच नजरेनं बघते. खबर कुणाला, किती मिनिटांत आणि त्याच्या भाषेत पोचते? ती साखळी नसेल तर महागडा कॅमेरा नुसते फोटो काढत बसतो.

भरपाईच्या योजनाही अभ्यासा. स्वीडननं १९९६ पासून रेनडियर पाळणाऱ्या सामी लोकांना, किती रेनडियर मारले गेले यावर पैसे देण्याऐवजी, त्यांच्या भागात लिंक्स आणि वुल्व्हरीन या शिकारी प्राण्यांच्या किती माद्या व्याल्या यावर पैसे द्यायला सुरुवात केली. प्रत्येक मेलेल्या जनावराचा पुरावा गोळा करण्याचा व्याप गेला आणि पाळणाऱ्याला शिकारी प्राणी जिवंत राहण्यात रस निर्माण झाला. सगळीकडे हे जमेल असं नाही. पण पैसे कशासाठी द्यायचे, हा प्रश्न नव्यानं विचारता येतो हे कळतं.

शिक्षण आणि नोकरी

प्राणिशास्त्र, पशुवैद्यक, कृषी, वनशास्त्र, यांतलं काहीही चालेल. त्याच्या जोडीला संख्याशास्त्र नीट शिका, नकाशे करायला शिका, आणि लोकांच्या बैठकीत बोलण्याआधी ऐकायला शिका. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आहे, युटा राज्य विद्यापीठात १९९३ पासून याच विषयाला वाहिलेली बेरीमन संस्था आहे. निसर्ग संवर्धनाच्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या तज्ज्ञगटानं २०२३ मध्ये संघर्ष आणि सहजीवन यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती फुकट वाचायला मिळतात. डिसेंबर २०२२ च्या कुनमिंग-मॉन्ट्रियल जैवविविधता आराखड्याच्या चौथ्या उद्दिष्टात माणूस-वन्यजीव संघर्ष कमीत कमी ठेवण्याचा उल्लेख आहे, त्यामुळे तो स्वीकारलेल्या देशांना याचा हिशोब द्यावा लागणार. हिशोब द्यायचा म्हणजे मोजणारी माणसं लागणार.

कामं वनखात्यापुरती राहिलेली नाहीत. विमानतळ, रेल्वे, महामार्ग, पीकविमा, मोठ्या बागा, धान्याची गोदामं, सगळ्यांना ही माणसं हवी आहेत. विमानतळाच्या कामाकडे मुलं बघतच नाहीत, आणि तिथे पद्धतशीर नोंदींची सवय जशी लागते तशी क्वचितच कुठे लागते.

शेतावर पाय ठेवण्याआधी रेबीजची प्रतिबंधक लस घ्या. शव उघडताना हातमोजे आणि मास्क, कितीही घाई असली तरी. जंगली उंदीर, डुकरं, वटवाघळं यांच्यापासून येणारे आजार वाचून ठेवा आणि ताप आला तर डॉक्टरला तुमचं काम काय ते स्वतःहून सांगा.

मुलाखतीला गेलात की पगाराच्या आधी एक गोष्ट विचारा. ज्या शेतावर मी आज उपाय करेन, तिथे पुढच्या हंगामात मोजायला जाण्यासाठी वेळ, गाडी आणि पैसे तुमच्या अंदाजपत्रकात धरलेत का? बहुतेक जण गप्प होतील. गप्प झाले तर किती शेतं, किती भेटी आणि किती खर्च, याचा एका पानाचा आराखडा बरोबर नेलेला असू द्या आणि तो त्यांच्यापुढे ठेवा.